तळघरात ठेवलेली केळ हिवाळा संपल्यावर पुन्हा फुटवायची कशी?

अनगोळची_अक्का
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ टोरांटोजवळ मिसिसागाला असतो. त्याच्या परसात तीन केळी आहेत. दोन बुटक्या, आपल्या बसराईच्या जातीतल्या, आणि तिसरी लाल पानांची. ऑक्टोबरात थंडी कडक व्हायच्या आत त्यानं तिन्ही उपटल्या, पानं छाटली, मुळांची माती झटकली, खोडं उलटी टेकवून पाणी निथळू दिलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात ठेवली. तिथं ८ ते १० अंश असतं म्हणतो. काळोख, आणि पाणी अजिबात नाही.

आता मार्च संपत आला. काल व्हिडिओ कॉलवर त्यानं केळी दाखवल्या. बाहेरची सोपटं वाळून तपकिरी पडलीत, खोडं सुरकुतलीत. एका बुटक्या केळीला आंबूस वास येतोय म्हणाला. "अक्का, ह्यात जीव आहे का, आपल्याकडच्या कुणाला तरी विचार की," म्हणून मागे लागलाय.

आमच्या घरी मोरीच्या पाण्यावर केळीचं बेट आहे, त्याला कधी काही करावं लागलं नाही, त्यामुळे मला सांगता येईना. गौरी-गणपतीत पानावर जेवायचं आणि सत्यनारायणाला चौरंगाला चार खुंट बांधायचे, एवढ्यासाठी तो ह्या केळी जपतो. तिकडच्या दुकानात पान मिळतं ते गोठवलेलं, उलगडताना फाटतं.

कधी बाहेर काढायच्या? किती कापायच्या? पाणी कधी सुरू करायचं? जाणकारांनी सांगा.

खडेबाजार
अक्का, केळ मरत नाही. मातीत लावा, पाणी घाला, येतंय.

कॅम्पातला_पोरगा
खडेबाजार काका, तिकडं मोरीचं पाणीच गोठतंय हो जानेवारीत!

निपाणीकर_तात्या
मी फोटो बघितलो नाही, पण अक्कांनी लिहिलंय त्यावरनं सांगतो. कंद ताजा असला तर काळजीचं कारण नाही. खड्डा करायचा, शेणखत घालायचं, कंद ठेवायचा आणि वरनं शेणकाला भरपूर सोडायचा. केळीला खायला आणि प्यायला कमी पडलं तर ती रुसतीया. आमच्याकडं विहिरीच्या दंडाला लावलेल्या केळी अशाच माजलेल्या असतात. तिकडं शेण मिळत नसंल तर जे खत मिळतंय ते घाला, पण पाणी तोडू नका.

शिकागो_शहापूर
तात्या, तुमचा मान राखून सांगतो, अक्कांच्या भावानं आत्ता हे केलं तर तिन्ही केळी कुजतील. मी मूळचा शहापूरचा, आता शिकागोजवळ असतो आणि दर हिवाळ्यात केळी तळघरात नेऊन वसंतात बाहेर काढतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जात बघू. लाल पानांची आहे ती बहुधा एन्सेटे, इथल्या नर्सऱ्यांत 'रेड अ‍ॅबिसिनियन बनाना' म्हणून मिळते. मूळची इथिओपियाकडची. ती माती झटकून कोरडी ठेवलेली सोसते आणि ८-१० अंश तिला चालतं. बुटकी कॅव्हेंडिश तेवढी सोशीक नाही. तिला कुंडीतच, १२-१३ अंशांच्या वर, अधूनमधून थोडं पाणी देत ठेवलेलं मानवतं. मुळं उघडी ठेवूनही ती तगते, पण कुजायची भीती तिलाच जास्त. वास बुटकीला येतोय आणि लालला नाही, ह्याचं कारण हेच असावं.

आता जीव आहे का ते बघायचं. खोड बुडाशी दोन्ही हातांनी दाबून बघा. वर मऊ लागलं तरी चालेल, बूड टणक पाहिजे. मग धारदार सुरी स्पिरिटनं पुसून घ्या आणि वरून खाली पातळ चकत्या काढत या. आधी तपकिरी लागेल, मग पिवळट पाणचट, आणि मग घट्ट पांढरा गाभा. तिथं थांबायचं, त्याच्या खाली एक चकतीसुद्धा नको. दुसऱ्या केळीला हात लावण्याआधी सुरी पुन्हा पुसा, नाहीतर एकीची कूज तिघींना लागेल.

कापलेल्या तोंडावर पेनानं आडवी रेघ ओढा, मधल्या गाभ्यावरून बाहेरच्या सोपटापर्यंत. केळ उबेत आली की आठवड्या-दोन आठवड्यांत मधला भाग वर सरकतो आणि रेघ तुटते. पान दिसायच्या आधी कळतं की केळ जागी झाली. मी दर वर्षी रोज सकाळी ती रेघ बघायला खाली जातो, त्यासारखा आनंद नाही.

कुंडी कंदापेक्षा जराशीच मोठी घ्या. कोकोपीट आणि पर्लाइट निम्मं-निम्मं. खाली रोपांसाठीची हीट मॅट, मातीत २५ अंशांच्या आसपास ऊब. सुरुवातीला एकदाच कोमट पाणी. त्यानंतर रेघ तुटेपर्यंत हात आवरायचा. उपटलेल्या केळीची जुनी मुळं बहुतेक मेलेली असतात. नवी फुटेपर्यंत कंदाला पाणी पिता येत नाही, तोवर माती चिंब राहिली की तो नासतो.

निपाणीकर_तात्या
मुळं नाहीत म्हणून पाणी नको, हे पटलं. पण रेघ तुटल्यावर मात्र माझंच ऐकायचं. केळ म्हणजे पाणी.

शिकागो_शहापूर
शंभर टक्के तात्या. दुसरं-तिसरं पान उलगडलं की मग खत-पाण्याला हयगय नको.

चिकोडी_ड्रिप
एवढ्या चकत्या काढत बसायचं कशाला? मी चिकोडीकडं उसातला काही भाग मोडून जी-नाइन जातीची केळ लावलोय. घड उतरला की आई खोड कापतो, बाजूचा तलवारी मुनवा, म्हणजे अरुंद पानांचं पील, धरतो, खोडवा (त्याच बुडाचं पुढचं पीक) चालू. वाळलेलं खोड जमिनीलगत उडवा अक्का, बाजूनं पिलं येतीलच. जुन्या खोडावर एवढी माया कशाला?

अरभावी_बॅच
चिकोडीकर, आपल्या शेतात तुमचं बरोबर आहे, मिसिसागात नाही. मी अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकलो, जरा आतली रचना सांगतो.

आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ती कांद्यासारखी एकात एक बसलेली पानांची देठं, म्हणजेच सोपटं, असतात. खरं खोड म्हणजे मातीतला कंद. वाढीचा कोंब त्या कंदाच्या माथ्यावर, जवळपास जमिनीच्या पातळीला बसलेला असतो. नवं पान तिथं तयार होतं आणि गुंडाळी होऊन मधल्या पोकळीतून वर येतं. फूल धरायची वेळ आली की मगच तो कोंब खोडातून वर चढायला लागतो. म्हणून फूल न धरलेल्या केळीचं खोड कमरेला कापलं तरी ती पुन्हा पान काढते. पण अगदी जमिनीलगत कापलं तर कोंबालाच इजा होते.

मग पिलांवर सगळी भिस्त. आपल्याकडं पिलाला बारा महिने मिळतात. तिथं मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, बस. खोड जेवढं शिल्लक राहील तेवढी उंची आणि तेवढा साठा आयता मिळतो. सप्टेंबरात पान पाहिजे असेल तर खोड वाचवलंच पाहिजे.

आणि एन्सेटेला आपसूक मुनवे येत नाहीत. तिचा कोंब गेला की ती बहुधा गेलीच. लाल केळीला चिकोडीचा इलाज चुकूनही करू नका.

चिकोडी_ड्रिप
पिलं येत नाहीत अशी केळ असते हे आज कळलं. मग ती लावायची कशी?

अरभावी_बॅच
रानात बियांपासून; इथिओपियातले शेतकरी मात्र कंदाचा मधला कोंब काढून टाकून बाजूनं रोपं फुटवतात. एकदाच फुलते, बिया देते आणि संपते. इथिओपियाच्या दक्षिणेला लोक फुलायच्या सुमाराला ती उपटतात. कंद आणि सोपटांचा गर खरवडून खड्ड्यात आंबवतात आणि त्याची कोचो नावाची भाकरी करतात. फळ खात नाहीत, अख्खं झाड खातात. तिथं लाखो लोकांचं ते रोजचं अन्न आहे.

जांबोटी_रान
एन्सेटेचा विषय निघाला म्हणून लिहितो. अक्का, तुमच्या भावाच्या लाल केळीची सख्खी बहीण आपल्या खानापूर तालुक्यात आहे. कवदर. कुणी रानकेळ म्हणतं, कुणी चवई. शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम.

चोर्ला घाटातून पावसात गेलात तर कड्याच्या उभ्या कातळावर केळीची रुंद पानं दिसतात, खाली माती म्हणावी अशी नसतेच. ती कवदर. बुडाशी चांगली जाड, वर निमुळती. पाऊस सरला की पानं पिवळी पडून गळतात. दिवाळीनंतर बघितलं तर कातळाच्या फटीत फक्त एक वाळका गड्डा. डिसेंबरची थंडी, मार्चचं ऊन, एप्रिल-मेची तलखी, सगळं तो गड्डा तसाच काढतो. कुणी पाणी घालत नाही. जूनमध्ये पाऊस लागला की त्यातून पान निघतं, आणि निघाल्यावर वाढ एवढी झपाट्याची की आठ-दहा दिवसांनी तोच कडा ओळखू येत नाही.

मला तिच्याबद्दल फार जिव्हाळा आहे. लोक केळ म्हटलं की पाण्याजवळचं झाड समजतात आणि इथं तिचीच जात उघड्या कातळावर सात-आठ महिने बिनपाण्याची राहते. फुलायला तिला कित्येक वर्षं लागतात. फळं येतात ती काळ्या टणक बियांनी भरलेली. बिया पाडल्या की मरते.

म्हणून तुमच्या भावाला सांगा, लाल केळ कोरडी, सुरकुतलेली दिसतेय त्याला भिऊ नकोस. त्या घराण्याला झोप माहीत आहे.

एक विनंती. हे वाचून कुणी घाटातून कवदर उपटून आणू नका. पिलं नसल्यामुळे एक झाड नेलं की तिथली पुढची पिढीच जाते. शिवाय आपल्या रानाचा बराच भाग भीमगड अभयारण्यात येतो.

रायबागची_हळद
जांबोटीकर, सुंदर लिहिलंत. आमच्या भागात हळदीचं बेणं असंच ठेवतात. पाला वाळला की काढणी, मग बेण्याचे गड्डे सावलीत ढीग करून झाकून ठेवायचे. मे सरत आला की डोळे आपोआप फुगतात, पाणी मिळो न मिळो. मग केळ आणि हळद एकाच रीतीनं झोपतात म्हणायचं का?

अरभावी_बॅच
हळद आणि कवदर खरोखर झोपतात, तो त्यांच्या वर्षाच्या चक्राचा भाग आहे. खायची केळ झोपत नाही. तिला थंडी थांबवून ठेवते एवढंच. साधारण १४-१५ अंशांच्या खाली नवं पान निघायचं थांबतं, २६ ते २८ अंशांत ती जोमानं वाढते. आपल्या बेळगावातच बघा, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२-१३ पर्यंत आला की केळीला नवं पान यायला किती वेळ लागतो. जळगावकडं, रावेर-यावलच्या पट्ट्यात तर थंडीच्या लाटेत घड खोडातच अडकतो. शेतकरी रात्री पाणी देतात, पहाटे बांधावर धूर करतात, ते बागेतली हवा जरा उबदार राहावी म्हणून.

म्हणजे तळघरातली कॅव्हेंडिश पूर्ण वेळ जागीच असते, फक्त उपाशी. साठा संपत जातो आणि ती आकसते. म्हणून तिला फार दिवस ठेवू नये. मार्च-एप्रिलला काढलेली बरी, मेपर्यंत वाट बघू नये. एन्सेटे मात्र आणखी थोडी थांबली तर चालतं.

अनगोळची_अक्का
केवढी माहिती दिलीत सगळ्यांनी! भावाला धाग्याचा दुवा पाठवलाय. तो रात्री तळघरात उतरणार आहे.

म्युनिकमावशी
मी वडगावची, सध्या म्युनिकजवळ. आमच्याकडं तिसरीच जात चालते, मुसा बासजू. मूळची चीनकडची, जपानात फार वर्षांपासून लावतात. तिला उपटावं लागत नाही. नोव्हेंबरात खोड छातीएवढं ठेवून कापते, भोवती जाळी उभी करून आत सुका पालापाचोळा आणि गवत ठासून भरते, वरून पाऊस जाणार नाही असं झाकण. एप्रिलमध्ये उघडते. बाहेरची सोपटं चिकट, काळी झालेली असतात. ती हातानं सोलत गेलं की आत पांढरं, टणक खोड. अख्खं खोड गेलं तरी पाल्याखाली कंद तगतो आणि जमिनीतून पिलं येतात. फळात बियाच बिया, खाण्यालायक नाही. पण पान मोठं, हिरवंगार, आणि आमचा गणपतीचा नैवेद्य त्याच्यावरच.

अक्का, तुमचा भाऊ पुढच्या वर्षी एक बासजू लावून बघेल तर उपटाउपटीचे कष्ट वाचतील.

बाहेर कधी न्यायचं ते महत्त्वाचं. इथले जुने माळी १२ ते १५ मे ह्या दिवसांना 'आइसहायलिगे', म्हणजे बर्फाचे संत, म्हणतात. १५ तारखेची 'काल्टे सोफी' (थंडगार सोफी) गेल्याशिवाय कुणी नाजूक रोप उघड्यावर ठेवत नाही. एप्रिलमध्ये आठवडाभर छान ऊन पडतं, मन पाघळतं, आणि एका रात्रीत पान काळं.

कॅम्पातला_पोरगा
मी काय म्हणतो, एवढं सगळं करण्यापेक्षा अक्कांनी घरच्या जवारी केळीचा एक कंद बॅगेत घालून पाठवला तर? मोरीवरची केळ आहे, काहीही सोसेल.

अरभावी_बॅच
नको रे बाळा. परवाना आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (रोप रोग-किडींपासून मुक्त असल्याचा सरकारी दाखला) नसताना कंद कॅनडात नेता येत नाही, माती लागलेला तर मुळीच नाही. आणि नियम उगाच नाहीत. पर्णगुच्छ रोगाचा (शेंड्याला पानांचा झुबका होतो तो) विषाणू कंदातून जातो, वरून निरोगी दिसणाऱ्या पिलातूनसुद्धा, आणि पुढं मावा तो पसरवतो. मर रोगाची टीआर-४ ही जात बिहार-उत्तर प्रदेशात पोचली ती मातीतून आणि लागवडीच्या बेण्यातूनच पसरते. बाहेरगावाहून कंद आणताना बेळगावातल्या माणसानंही दहादा विचार करावा. टिश्यूकल्चरचं रोप घ्या, नाहीतर ज्याची बाग डोळ्यांनी बघितलीय त्याच्याकडचं पील.

संकेश्वर_मिरची
विषय जरा बाजूला नेते, पण राहवत नाही. हिरव्या पानावर गरम भात पडला की जो वास सुटतो तो कुठल्या ताटात येतो? माझ्या सासूबाई पान आधी चुलीच्या आरावर धरायच्या, मऊ पडलं की मग मांडायच्या, फाटत नाही. तुमच्या भावाचं गोठवलेलं पान पूर्ण सुटल्यावर तसंच तव्याच्या उबेवर धरून बघू दे. केळफुलाच्या भाजीचं तर बोलायलाच नको. हाताला तेल लावून एकेक फुलातला कडक दांडा काढायचा, रात्रभर ताकात ठेवायची, काळे वाटाणे घालायचे.

हो, आणि कामाचं एक. पानावर जेवायचं असेल तर कापलेल्या तोंडाला, मातीला काय औषध लावताय ते बघा. कुंडीतल्या बारीक माश्यांसाठी झाडात भिनणारं कीटकनाशक घालतात लोक. ते घातलं तर त्या पानावर जेवू नका.

म्युनिकमावशी
अगदी बरोबर. मी कापलेल्या तोंडाला चाळलेली लाकडाची राख लावते, एक-दोन दिवस कोरडं होऊ देते, मगच कुंडीत. आणि त्या माश्या वरची माती सतत ओली राहिली की होतात. पाणी कमी केलं की जातात, औषध लागत नाही.

मिसिसागा_बेळगावकर
नमस्कार. मी अक्काचा भाऊ. सगळा धागा वाचला, डोळे भरून आले. इथं बसून बेळगावकडची माणसं माझ्या केळींसाठी एवढं लिहितायत.

काल तिन्ही वर आणल्या. लाल केळ बुडाशी दगडासारखी टणक. वरून जेमतेम वीतभर कापल्यावर पांढरा गाभा लागला. पहिली बुटकी, जिला वास नव्हता, ती गुडघ्यापर्यंत खाली यावी लागली, पण आतला कोंब पांढरा, ओलसर. दोघींवर रेघा ओढल्यात.

दुसऱ्या बुटकीचं सांगा. चकत्या काढत अगदी बुडाशी आलो तरी मधे तपकिरी आणि वास. पण कंद बाहेरून टणक आहे, बाजूला दोन-तीन फुगीर डोळे दिसतात. टाकून देऊ का?

चिकोडी_ड्रिप
टाकू नका! आता माझा इलाज चालतोय बघा. बाजूचे डोळे म्हणजेच पिलं.

अरभावी_बॅच
चिकोडीकर बरोबर. मधला कोंब गेला, पण कंद टणक असेल तर बाजूचे डोळे जिवंत असू शकतात. त्यांना आता मधल्याचा दाबही नाही, त्यामुळे फुटायला मोकळीक.

मधला तपकिरी भाग सुरीच्या टोकानं कोरून पूर्ण काढा, पांढरं लागेपर्यंत. मेलेली मुळं छाटा. बाहेरची काळी साल खरवडा, पण डोळे सांभाळून. राख लावा, दोन दिवस हवेशीर जागी सुकू द्या. मग ओलसर कोकोपीट किंवा लाकडाच्या भुशात कंद जेमतेम झाकेल एवढा बसवा. ओलसर म्हणजे मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. वर पारदर्शक प्लॅस्टिकचं झाकण, खाली हीट मॅट, २५ ते ३० अंश. दोन दिवसांतून एकदा झाकण उघडून हवा द्या आणि वास घ्या. आंबूस वास पुन्हा आला तर तेवढा भाग कापून काढा.

केळीची रोपं कंदापासून वाढवताना आपल्याकडं मुद्दामच मधला कोंब कोरून मारतात, म्हणजे बाजूचे सगळे डोळे फुटतात. तुमच्या कुजीनं ते काम आधीच केलंय. तीन-चार आठवड्यांत काही फुटलं तर फुटलं. त्या पिलांना दोन-तीन पानं आणि स्वतःची मुळं आली की कंदाच्या तुकड्यासकट वेगळी करायची.

मिसिसागा_बेळगावकर
करतो. आजच भुसा आणतो.

अनगोळची_अक्का
माझ्या मूळ प्रश्नाचा शेवटचा तुकडा राहिला की हो. गणपतीला पान मिळेल का?

शिकागो_शहापूर
दोघींचं मिळायला पाहिजे अक्का. हिशोब असा. एप्रिलच्या मध्यावर पहिलं पान. ते अरुंद, फिकट आणि बऱ्याचदा अर्धं करपलेलं निघतं, तळघरातच तयार झालेलं असतं ते. त्यावरून निराश व्हायचं नाही. लाल केळीची पहिली पानं तर चक्क हिरवी येतात, उन्हात गेल्यावर लाली चढते. पान मधेच अडकलं, बाहेरची वाळकी सोपटं सोडेनात, तर एक-दोन कडक सोपटं उभी चिरून हलकेच मोकळी करा.

मेपर्यंत दक्षिणेच्या खिडकीत. तिकडं मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर लोक रोपं बाहेर लावतात, तोच मुहूर्त धरा. पण तारखेपेक्षा रात्रीचं तापमान बघा, सलग १२ अंशांच्या वर पाहिजे. आधी आठवडाभर झाडाखाली सावलीत, मग सकाळचं ऊन, मग दिवसभराचं. घरातलं पान एकदम उन्हात नेलं की पांढरं पडून जळतं. जून ते ऑगस्ट ऊब, पाणी आणि खत मिळालं तर आठवड्याला एक पान निघतं. सप्टेंबरपर्यंत जेवायची पंगत बसेल एवढी पानं होतात.

चार खुंट ह्या वर्षी होणार नाहीत. ते त्या तिसऱ्या कंदाच्या पिलांवर, पुढच्या वर्षी.

कॅम्पातला_पोरगा
आणि केळं? घड कधी?

शिकागो_शहापूर
घडाला उबेतले दहा-बारा महिने तरी लागतात. इथला उन्हाळा चार महिन्यांचा. दर वर्षी खोड वाचलं आणि काच-घराची सोय असली तर कधीतरी येईल, पण त्याच्या आशेवर लावू नये. पानासाठी लावावी.

निपाणीकर_तात्या
जूनपासून माझं राज्य. शेणखत तिकडं पोत्यात मिळतंय म्हणे, कुजलेलं. बुडाशी चार बोटं जाड थर, खोडाला चिकटवू नका, वीतभर लांब. राख टाका मूठभर, केळीला पालाश लागतंय. आणि पाणी उन्हाळ्यात रोज.

मिसिसागा_बेळगावकर
तात्या, मिळतं. नक्की घालतो. एक शेवटचा प्रश्न सगळ्यांना. ह्या वर्षी जमिनीत लावू की कुंडीतच ठेवू? ऑक्टोबरात पुन्हा उपटताना मुळं फार तुटतात.

म्युनिकमावशी
बुटकी कॅव्हेंडिश मोठ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लाव आणि कुंडीसकट काठापर्यंत जमिनीत पूर. ऑक्टोबरात कुंडी तशीच वर ओढायची आणि तळघरात न्यायची, कंद उघडा पडतच नाही. लाल केळ सरळ जमिनीत लाव, तिला उपटलेलं सोसतं.

मिसिसागा_बेळगावकर
कुंडीला भोकं वाढवू का?

म्युनिकमावशी
हो, खाली आणि बाजूलाही, अंगठ्याएवढी. काही मुळं बाहेर जातील, ती ऑगस्टच्या शेवटी कुंडीच्या कडेनं कुदळ फिरवून तोड. म्हणजे उचलायच्या आधी महिनाभर आतल्या आत नवी मुळं धरतील.